वायफाय ड्रायव्हरची कटकट: डोंगल लावावा की आतलं कार्ड बदलावं?

वायफाय सारखं गायब होतंय, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) तीनदा काढून पुन्हा बसवून झाला आणि आता हार्डवेअरच बदलू, असं मनात आलंय. इथे दोन वाटा फुटतात: यूएसबी डोंगल (पोर्टात खोचायचा छोटा वायफाय अडॅप्टर) लावायचा, किंवा मशीन उघडून आतलं एम.२ खाचेतलं वायफाय कार्ड बदलायचं. वेग, बँड वगैरे खोक्यावर लिहिलेलं असतंच, त्यात शिरत नाही. प्रश्न ड्रायव्हरचा आहे, तर तुलनाही त्याच अंगाने केलेली बरी.

खरेदीआधी दहा मिनिटं मात्र काढा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (उपकरणांच्या यादीत) वायफाय अडॅप्टरवर कोड १०, म्हणजे ‘उपकरण सुरू होत नाही’, दिसत असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, चार्जर काढा आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून ठेवा. साध्या शटडाउनमध्ये फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर सुरू करण्याची सोय) चालू असला तर विंडोज ड्रायव्हरची जुनी अवस्था जपून ठेवतं, आणि रीस्टार्टमध्ये कार्डाची वीज बहुधा तुटत नाही. त्यामुळे अडकलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) अडकलेलंच राहतं आणि दोष ड्रायव्हरवर जातो. दुसरं म्हणजे अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमधली, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देणारी खूण काढून पाहा. तिसरं, त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर तिथेच ड्रायव्हरच्या टॅबमधून रोल बॅक करा, म्हणजे जुन्या ड्रायव्हरवर परत जा. ते बटण फिकं असेल तर जुना ड्रायव्हर साठवलेला नाही; मग लॅपटॉप बनवणाऱ्याच्या पानावरून आणावा लागेल. आणि अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकटीत खूण केली नाही, तर रीस्टार्टनंतर तोच बिघडका ड्रायव्हर निमूटपणे परत बसतो. ‘तीनदा टाकला’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी खरं तर एकच ड्रायव्हर तीनदा बसवलेला असतो.

एवढं करूनही भागलं नाही तर पुढे वाचा.

डोंगलची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यात दम आहे. काही उघडावं लागत नाही. एका मशीनवर चालला नाही तर दुसऱ्यावर लावून दोष कुणाचा ते लगेच कळतं, आणि ही सोय कार्डात नाही. पातळ लॅपटॉपमध्ये वायफायची चिप बोर्डावरच डाखलेली (सोल्डर केलेली) असेल तर डोंगलशिवाय इलाजच नसतो. फक्त तो यूएसबी ३ च्या पोर्टात, हार्ड डिस्कच्या शेजारी खोचू नका. यूएसबी ३ च्या वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो आणि ड्रायव्हर धडधाकट असूनही कनेक्शन तुटत राहतं. हातभर लांबीची एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल दूर ठेवला की बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

खरेदीत पंचाईत अशी की मॉडेलचं नाव तेच राहतं आणि आतली चिप आवृत्तीगणिक बदलते. म्हणून नावावर न जाता हार्डवेअर आयडी पाहायचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज असं गेलं की विक्रेत्याचा आणि उत्पादनाचा असे चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक दिसतात. रिअलटेकचा विक्रेता क्रमांक ०बीडीए. ड्रायव्हर शोधायचा तो या जोडीवरून.

आता ज्या एका गोष्टीने माझं पारडं फिरवलं ती सांगतो. बरेच डोंगल पोर्टात खोचल्यावर आपली ओळख वायफाय म्हणून देत नाहीत, सीडी ड्राइव्ह म्हणून देतात. हेतू चांगला: त्या खोट्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो, म्हणजे नेट नसतानाही तो टाकता यावा. ड्रायव्हर बसला की त्याच्यासोबतचा एक छोटा प्रोग्राम दर वेळी ही सीडी ‘इजेक्ट’ करतो, डोंगल स्वतःला नव्याने जोडतो आणि मग वायफाय होतो. रिअलटेकच्या आरटीएल ८८२१ सीयू चिपचे अनेक डोंगल सीडीच्या रूपात ०बीडीए:१ए२बी असा आयडी दाखवतात आणि वायफायच्या रूपात ०बीडीए:सी८११.

हे पहिल्या दिवशी सुरळीत चालतं. मशीन झोपवलं आणि त्या पोर्टाची वीज तुटली, की जागं झाल्यावर डोंगलच्या लेखी पुन्हा पहिलाच दिवस असतो. तो सीडी होऊन बसतो. तो छोटा प्रोग्राम वेळेवर जागा झाला तर ठीक, नाहीतर वायफाय नाही. बरं, पिवळा त्रिकोणही नाही, कोडही नाही. नेटवर्क अडॅप्टर्सच्या यादीतून ती ओळच गेलेली असते. विंडोजचा ट्रबलशूटर चालवा, नेटवर्क रीसेट करा, ड्रायव्हर पुन्हा टाका, काहीही लागू पडत नाही, कारण ज्याच्यावर उपचार करायचे ते उपकरण त्या घडीला अस्तित्वातच नसतं. खरी खूण डिव्हाइस मॅनेजरच्याच खिडकीत थोडी दुसरीकडे असते: डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्ह्ज या शीर्षकाखाली एक अनोळखी ड्राइव्ह उगवलेला दिसतो. धिस पीसीमध्ये त्यावर राइट क्लिक करून इजेक्ट म्हटलं की काही सेकंदांत वायफाय हजर.

उपाय माहीत झाल्यावर हे दोन क्लिकचं काम आहे, कबूल. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (रिकाम्या पोर्टाची वीज तोडणारी सोय) बंद केलं आणि डिव्हाइस मॅनेजरमधल्या यूएसबी रूट हबवरची वीज वाचवण्याची खूण काढली तर प्रमाण कमी होतं, माझ्या अनुभवात शून्य होत नाही. लिनक्सवर यूएसबी-मोडस्विच नावाचं साधन हेच इजेक्ट आपोआप करतं, पण जागं होतानाच्या घाईत त्याचाही नेम अधूनमधून चुकतो. दिवसातून चारदा लॅपटॉप मिटणाऱ्याला हे परवडत नाही.

लिनक्सवाल्यांसाठी डोंगलचं आणखी एक दुखणं आहे. ज्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) नाही, तो डीकेएमएस या साधनाने दर कर्नलसाठी बाहेरून बांधावा लागतो. कर्नल अपडेट झाला, ड्रायव्हरचं जुनं सोर्स (मूळ कोड) नव्यावर कंपाइल झालं नाही, की वायफाय गेलं. आणि नवं सोर्स उतरवायला नेट हवं. अशा वेळी ग्रबच्या (सुरुवातीच्या बूट मेन्यूच्या) ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुन्या कर्नलवर बूट करा, किंवा फोन यूएसबीला जोडून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट वापरा. सिक्युअर बूट (फक्त सही केलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर स्वतः बांधलेल्या मॉड्यूलची, म्हणजे त्या ड्रायव्हरची, किल्लीही नोंदवावी लागते. त्यासाठी रीस्टार्टवर एक निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर निघून जातो. मग मॉड्यूल बांधलेलं असतं, पण कर्नल ते उचलत नाही. डोंगलच घ्यायचा तर कर्नलमध्ये आधीपासून असलेली चिप निवडा: मीडियाटेकची एमटी ७६१२ यू (कर्नल ४.१९ पासून) किंवा एमटी ७९२१ एयू (५.१८ पासून). रिअलटेकच्या ८८२१ सीयूसारख्या काही यूएसबी चिपही ६.२ पासून कर्नलमध्येच आल्या. तरी डोंगल सीडीचा अवतार घेत नाही ना, हे वेगळं तपासावंच लागतं.

आता कार्ड. ते पीसीआय एक्स्प्रेसवर, म्हणजे मदरबोर्डाच्या आतल्या थेट जोडणीवर बसतं. झोपेतून उठल्यावर तेच कार्ड त्याच जागी असतं, वेषांतर नाही. त्यालाही रोग होतात, कोड १० मुख्यतः इथलाच. पण यादीत ओळ असते, कोड असतो, शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. माझ्यासाठी फरक एवढाच, आणि तो पुरेसा ठरला.

निवडताना मात्र एक सापळा आहे. इंटेलची एएक्स २०१ आणि एएक्स २११ ही कार्डं दिसायला पूर्ण, पण अर्धवट असतात. वायफायचा उरलेला भाग इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो. एएमडीच्या मशीनवर ती दिसतसुद्धा नाहीत आणि इंटेलच्याही जुळणाऱ्या पिढीवरच चालतात. एएक्स २०० आणि एएक्स २१० स्वतंत्र आहेत. लिनक्सवर पहिल्याला कर्नल ५.१ आणि दुसऱ्याला ५.१० पुरतो, सोबत फर्मवेअरचं पॅकेज अद्ययावत हवं. विंडोजसाठी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवा. नवं कार्ड बसवल्यावर ‘ड्रायव्हरसाठी नेट, नेटसाठी ड्रायव्हर’ हा खेळ नको.

जुन्या काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) परवानगी असलेल्या कार्डांचीच यादी असते. परकं कार्ड दिसलं की मशीन बूटच होत नाही. तुमच्या मॉडेलबद्दल हे आधी शोधा. कार्डाचं माप बहुधा २२३०, म्हणजे २२ बाय ३० मिलिमीटर, आणि खाच ई किंवा ए-ई प्रकारची.

बसवताना आधी बॅटरीची जोडणी सोडवा. अँटेनाच्या दोन बारीक वायरी नखाने किंवा प्लॅस्टिकच्या टोकाने सरळ वर उचला, तारेला धरून ओढू नका. नवीन कार्डावर टोक नेमकं मधोमध टेकवून सरळ खाली दाबायचं. बारीक ‘टिक’ जाणवली की बसलं. तिरकं दाबलं तर कडं चेपतं आणि मग ते पुन्हा कधीच नीट धरत नाही. वेग अर्ध्यावर आला किंवा ब्लूटूथ अडखळायला लागलं, तर ड्रायव्हरला हात लावण्याआधी एखादी वायर निसटली नाही ना ते पाहा.

डेस्कटॉपवर पीसीआय एक्स्प्रेसचं अडॅप्टर कार्ड घेतलं तर त्यासोबत एक छोटी यूएसबी वायर येते, ती मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी २ हेडरला (पिनांच्या जोडणीला) जोडायची. वायफाय पीसीआयवरून जातं, ब्लूटूथ यूएसबीवरून. ती वायर खोक्यातच राहिली की वायफाय उत्तम चालतं, ब्लूटूथचा मात्र पत्ता नसतो, आणि लोक दिवसभर ब्लूटूथचा ड्रायव्हर शोधत बसतात.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर कार्ड बसवल्यावर विंडोजचा फास्ट स्टार्टअप कायमचा बंद करा. नाहीतर विंडोज कार्डाला अर्धवट अवस्थेत सोडून जातं आणि लिनक्समध्ये ते सुरूच होत नाही.

मशीन उघडायची तयारी नसेल, वॉरंटीचा प्रश्न असेल, किंवा डेस्कटॉप कधी झोपवलाच जात नसेल, तर योग्य चिपचा डोंगल वाईट नाही. लॅपटॉपला मी तरी कार्डच सुचवेन. हाताशी असलेला जुना डोंगल टाकून देऊ नका. विंडोज नव्याने टाकताना कार्डाचा ड्रायव्हर सापडला नाही तर त्याची ती खोटी सीडी तेव्हा खरोखर कामाला येते.