कूलंटची गळती: दाबचाचणी की चमकणारा रंग?

कोथरूडच्या एका मित्राच्या पंचवीस वर्षे जुन्या स्पोर्ट्स कारमधले कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कात्रजचा घाट चढून आल्यावर दर वेळी थोडे कमी होते, आणि दाबचाचणी करावी की अतिनील प्रकाशात चमकणारा रंग घालावा, हे त्याला ठरवता येत नाही.

वेळेच्या बाबतीत दाबचाचणी सरस आहे. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीच्या तोंडावर हातपंप बसवावा, झाकणावर छापलेल्या मर्यादेपर्यंतच दाब चढवावा आणि १५-२० मिनिटे पंपावरचा दाबाचा काटा पाहावा. तो उतरला तर गळती आहेच. त्याच वेळी प्लास्टिकच्या टाकीच्या जोडावरून बोट फिरवावे, कारण वर्षानुवर्षे तापून ते प्लास्टिक ठिसूळ होते. बोटाला चिकट, गोडसर वासाचा ओलावा लागला, तर पुढचा खर्चच वाचतो.

रंग घातल्यावर काही दिवस गाडी चालवावी लागते, पण इंजिन तापल्यावरच पाझरून लगेच वाळणारी गळती तोच पकडतो. अंधारात अतिनील टॉर्च मारला की कूलंट फिरवणाऱ्या पंपाखालचा पोपटी ओघळ उठून दिसतो. भरताना सांडलेला रंग मात्र आधी नीट धुवावा.

गाडीखाली थेंब पडत असतील तर दाबचाचणी करावी. जमीन कोरडी असूनही पातळी उतरत असेल तर रंग घालावा, आणि त्यानेही काही दिसले नाही, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ठोकळा आणि त्यावरचे हेड यांमधला गळती रोखणारा थर) तपासून घ्यावे.