ट्रेंटन की सॉमरसेट? न्यू जर्सीत कुठल्या मैदानाशी घरोबा करावा

न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बेसबॉल बघायची तिकिटं आणि पार्किंग दर महिन्याला झेपत नाही, म्हणून एडिसन-प्लेन्सबरो पट्ट्यातली आपली मंडळी मायनर लीगकडे, म्हणजे मोठ्या संघांच्या खालच्या पातळीवरच्या बेसबॉलकडे वळतात. तिथंही मग ट्रेंटन थंडर की सॉमरसेट पॅट्रियट्स, हा प्रश्न येतोच.

निव्वळ इतिहास बघायचा तर ट्रेंटनचं पारडं जड. पुढे दिग्गज ठरलेल्या विली मेजला न्यूयॉर्क जायंट्स या मोठ्या संघानं १९५० मध्ये पहिल्यांदा धाडलं ते याच गावात (तेव्हाचा संघ वेगळा, लीगही वेगळी). आजचा थंडर १९९४ चा, कॅनडातल्या लंडनहून उठून आलेला. आधी वर्षभर डेट्रॉइटच्या मोठ्या संघाच्या हाताखाली, मग २००२ पर्यंत बॉस्टनकडे, पुढे २०२० पर्यंत यांकीजकडे. नोमार गार्सियापारा, रॉबिन्सन कानो, ॲरन जज हे पुढचे तारे इथूनच वर, मोठ्या संघांत गेले. यांकीजच्या काळात ईस्टर्न लीग या त्यांच्या स्पर्धेची चार विजेतेपदंही आली. राइट फील्डच्या पलीकडे डेलावेअर नदी आहे. होमरन जोरकस असेल तर चेंडू थेट पाण्यात. शिवाय बॅटा उचलून आणणारा चेस नावाचा गोल्डन रिट्रीव्हर, त्याच्यामागे मुलगा, मग नातू. पुण्याहून आलेल्या आमच्या आईबाबांना खेळ कळला नाही, पण कुत्र्याच्या घराण्यातली ही पिढीजात नोकरी लगेच कळली.

सॉमरसेट त्यामानाने परवाचं. १९९८ मध्ये अटलांटिक लीगमध्ये सुरुवात, वर कुठल्याही मोठ्या संघाचा हात नाही. पण १९७७ चा साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) विजेता स्पार्की लाइल पंधरा हंगाम मॅनेजर राहिला आणि पाच विजेतेपदं देऊन गेला. ब्रिजवॉटर आपल्याला बालाजीच्या देवळामुळे ठाऊक. मैदान त्याच गावात, रेल्वे स्टेशनला अगदी लागून.

२०२० च्या अखेरीस मेजर लीगने (मोठ्या संघांच्या लीगने) सगळी मायनर लीग नव्याने मांडली. यांकीजनी डबल-ए (मोठ्या संघाच्या दोन पायऱ्या खालचा) संघ ट्रेंटनहून काढून ब्रिजवॉटरला नेला आणि ट्रेंटनच्या वाट्याला ड्राफ्ट लीग आली, म्हणजे ड्राफ्टभोवती (मोठ्या संघांकडून दरवर्षी होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीभोवती) बेतलेली लीग. (२०२१ मध्ये बफेलोचा ट्रिपल-ए (एकच पायरी खालचा) संघ काही काळ ट्रेंटनला थंडर म्हणूनच खेळला, पण ती पाहुण्यांची पंगत होती.)

माझं घोडं अडलं ते इथं. ड्राफ्ट लीगचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो, तोवर तिकडे ब्रिजवॉटरला दोन महिने खेळून झालेले असतात. जूनमध्ये खेळतात ती ड्राफ्टची वाट बघणारी कॉलेजची पोरं. जुलैत ड्राफ्ट झाला की दुसरा टप्पा, आणि त्यात पगारी, वेगळे खेळाडू. माझा मुलगा वहीत प्रत्येकाचं नाव, नंबर, कुठल्या हाताने खेळतो, सगळं लिहून ठेवतो. जुलैच्या मध्यावर अख्खं पान खोडून नवं पान. कुणाला हे चालतही असेल, पोरं जीव तोडून खेळतात यात शंका नाही. मला मात्र ओळख होते न होते तोच निरोप घ्यायचा कंटाळा येतो.

सॉमरसेटमधूनही पोरं जातात, नाही असं नाही. पण एकेक करून, आणि कुठं गेली ते कळतं. अँथनी व्होल्पे २०२२ चा बहुतेक हंगाम इथं होता. पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी यांकीजचा शॉर्टस्टॉप म्हणून टीव्हीवर. वहीतलं नाव असं पडद्यावर दिसलं की पोराचा चेहरा बघावा! त्याच २०२२ मध्ये ईरीविरुद्ध १५-० ने, एकही हिट न देता, ईस्टर्न लीगचं विजेतेपदही आलं.

तुमच्या घरी फक्त नदीकाठची हवा, फटाके आणि कुत्रा हवा असेल, तर ट्रेंटन मलाही जास्त देखणं वाटतं. पाहुणे आले की आम्ही अजून तिकडेच नेतो. हंगामाची तिकिटं काढायची असतील तर मी ब्रिजवॉटरची काढीन. आम्ही तीच काढतो.