तीन मिनिटांच्या चाचणीवर विकलेला लिक्विड कूलर

घरच्या संगणकाच्या प्रोसेसरला हवेचा कूलर पुरतो की लिक्विड कूलर (पंपाने पाणी फिरवून प्रोसेसरची उष्णता पंख्यांच्या जाळीकडे, म्हणजे रेडिएटरकडे नेणारा) घ्यावा लागतो, हा प्रश्न मी एका विक्रेत्याला विचारला आणि त्याने डोळ्यांदेखत करून दाखवलेल्या तुलनेवर विश्वास ठेवला. त्यात माझे पैसे गेले, दोन महिने काम खोळंबले, आणि नव्याच्या भावात जो कूलर माझ्या गळ्यात पडला तो आधी कुणीतरी वापरून टाकलेला होता. विक्रेत्याचे नाव मी देत नाही. त्याने ती तुलना कशी रचली होती, हे मात्र मला तपशिलाने सांगायचे आहे, कारण तीच युक्ती दुसरा कुणीही सहज वापरू शकतो.

व्हिडिओ संकलनासाठी मी नवा संगणक जोडून घेत होतो. प्रोसेसर एएमडीचा रायझन ७ ७७०० ठरवला होता. तो आठ कोअरचा (एकाच वेळी काम करणाऱ्या आठ भागांचा) आणि ६५ वॅट टीडीपीचा (कूलर निवडण्यासाठी कंपनी देते तो उष्णतेचा आकडा) असून जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आला. त्याच्या खोक्यात रेथ प्रिझम हा हवेचा कूलर कंपनीच घालून देते, त्यामुळे कूलरवर वेगळा खर्च करण्याचा माझा विचार नव्हता. विक्रेत्याने तो विचार पहिल्याच भेटीत मोडून काढला. ‘‘सर, खोक्यातला कूलर शोभेचा असतो. आठ कोअर आहेत, वर्षभरात प्रोसेसर जळेल. पाण्याशिवाय हा चालायचाच नाही,’’ असे तो म्हणाला. मी जरा घुटमळलो, तेव्हा त्याने शेजारी शेजारी ठेवलेले दोन संगणक दाखवले आणि दोन्हींत माझ्याच पसंतीचा प्रोसेसर असल्याचे सांगितले. एकावर खोक्यातला हवेचा कूलर होता आणि दुसऱ्यावर २४० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर. दोन्हींवर त्याने सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून त्याचा वेग मोजणारी चाचणी, सुरू केली. तीन मिनिटांत हवेच्या कूलरखालचा प्रोसेसर ८९ अंश सेल्सिअसवर गेला. लिक्विड कूलरखालचा ५६ वर होता. तेहतीस अंशांचा फरक समोर दिसत असताना आणखी काही विचारावे असे मला वाटले नाही.

प्रोसेसर जळेल ही भीतीच मुळात खोटी होती. आजचे प्रोसेसर आपले तापमान स्वतः मोजत असतात. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची आहे. ती गाठली की तो आपला वेग आणि विजेचा वापर आपणहून कमी करतो, आणि तरीही तापमान आवरले नाही तर संगणक बंद पडतो. कूलर अपुरा असेल तर काम मंदावते. वर्षभरात प्रोसेसर जळून जात नाही.

संगणक घरी आला आणि पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी खटकल्या. सकाळी बटण दाबले की कॅबिनेटमधून अर्धा मिनिट गुळगुळ आवाज येई, नळाला पाणी येण्याआधी हवा निघते तसा. दुसरे म्हणजे व्हिडिओचे रेंडर (संकलनानंतर अंतिम फाइल तयार होणे) अपेक्षेपेक्षा संथ होते. तापमान ५८-६० च्या पुढे जात नव्हते, म्हणून कूलरवर माझा संशय गेला नाही. मी आधी हार्ड डिस्क तपासली, मग रॅम, मग सॉफ्टवेअर पुन्हा टाकले. शेवटी एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वीजवापर दाखवणारे सॉफ्टवेअर लावून पाहिले, तेव्हा पूर्ण भार टाकूनही प्रोसेसरचा वीजवापर ६१ वॅटच्या वर जात नव्हता.

या आकड्याने मला थांबवले. टीडीपी ६५ वॅट लिहिलेले असले तरी प्रोसेसरला प्रत्यक्षात तेवढीच वीज घेऊ दिली जाते असे नाही. या सॉकेटवर (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेवर) ती परवानगी टीडीपीच्या सुमारे १.३५ पट असते, म्हणजे या प्रोसेसरसाठी ८८ वॅट. ६१ वॅट हा आकडा ४५ वॅटच्या इको मोडचा, म्हणजे प्रोसेसरला मुद्दाम कमी वीज देणाऱ्या सेटिंगचा आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) पाहिले, तर इको मोड चालू करून ठेवलेला होता. मी तो केला नव्हता. विक्रेत्याने जोडणी करतानाच ही सेटिंग घालून मला संगणक दिला होता, आणि दुकानातल्या लिक्विड कूलरच्या संगणकावरही त्याने हेच केले होते, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. कमी वीज, कमी उष्णता, कमी तापमान. त्याचे श्रेय कूलरला. प्रोसेसरची पूर्ण किंमत मोजून मी त्याचा वेग मात्र कापून घेतला होता.

मी ती मर्यादा काढून टाकली आणि ८८ वॅटवर अर्धा तास भार ठेवला. तीन मिनिटांनी ६८ अंश, दहा मिनिटांनी ७९, वीस मिनिटांनी ९१, आणि पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास ९५ वर पोचून प्रोसेसरचा वेग घसरू लागला. कॅबिनेटची काच काढून रेडिएटरकडच्या दोन्ही नळ्यांना हात लावला. पाणी नीट फिरत असेल तर दोन्हींच्या उष्णतेत हाताला फारसा फरक जाणवू नये. येथे एक नळी हात पटकन मागे घ्यावा लागेल इतकी गरम होती, दुसरी जवळजवळ थंड, आणि रेडिएटर नुसता कोमट. पाणी तापत होते, पण वाहत नव्हते.

तीन मिनिटांची चाचणी लिक्विड कूलरच्या बाजूने का झुकते, हे मला त्या अर्ध्या तासाने शिकवले, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४.१८ जूल उष्णता लागते; तेवढ्याच वजनाच्या अॅल्युमिनियमला ०.९ जूल पुरते आणि तांब्याला ०.३९ जूल. त्यामुळे भार पडल्यावर पहिली काही मिनिटे पाणी उष्णता बाहेर टाकण्यापेक्षा पोटात साठवतच अधिक असते, आणि तेवढा वेळ आकडे सुंदर दिसतात. धातूच्या कूलरला ही सवलत नसते. तो लवकर तापतो आणि लवकर स्थिर होतो. म्हणून दोन कूलरची तुलना करायची तर पाणी पुरते तापून तापमान एका जागी ठरेपर्यंत, म्हणजे किमान वीस-तीस मिनिटे, थांबावे लागते. सिनेबेंच आर२३ मध्येही मूळ चाचणी दहा मिनिटांची ठेवली आहे. दुकानात ती मधेच थांबवली गेली आणि मी तसे होऊ दिले.

वीज आणि वेळ यांच्या जोडीला पंख्यांचाही प्रश्न आहे. हवेच्या कूलरचा पंखा तेव्हा कितीवर फिरत होता, हे मी पाहिले नाही. प्रोसेसर ८९ अंशांवर असताना रेथ प्रिझमचा पंखा चांगलाच ऐकू येतो. दुकानात मला काहीच ऐकू आले नव्हते. त्याचा वेग बांधून ठेवला होता, असे मला आज खात्रीने वाटते. वॅट, वेळ, पंख्याचा वेग आणि खोलीचे तापमान हे चारही आकडे पडद्यावर दिसत नसतील, तर अंशांच्या एकट्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

यानंतर मी कूलर काढला. नव्या लिक्विड कूलरच्या तांब्याच्या तळाला बहुधा कारखान्यातूनच थर्मल पेस्टचा (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणाऱ्या लेपाचा) एकसारखा छाप मारलेला असतो आणि त्यावर प्लास्टिकचे झाकण असते. माझ्या कूलरवरची पेस्ट बोटाने फासलेली होती, आणि तिच्या कडेला जुन्या पेस्टचे वाळून करडे झालेले पापुद्रे चिकटून राहिले होते. तांब्यावर गोल गोल ओरखडे होते. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या होत्या. पंखे सोडवून रेडिएटरच्या आत पाहिले, तर पात्यांच्या मधोमध नमद्यासारखा दाट धुळीचा थर बसला होता. दोन महिन्यांच्या वापरात इतकी धूळ आत जाऊन घट्ट बसत नाही. सीरियल नंबर मी उत्पादक कंपनीला कळवला. त्या नंबरच्या कूलरची विक्री चार वर्षांपूर्वीच झालेली आहे, असे लेखी उत्तर आले.

हे सर्व घेऊन गेलो तेव्हा विक्रेत्याचे पहिले वाक्य होते, ‘‘तुम्ही ओव्हरक्लॉक केला असणार, सर,’’ म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवला असणार. मी त्याला उत्पादकाचे पत्र दाखवले. त्याने ते वाचले, बाजूला ठेवले, आणि बिलावर कूलरचा सीरियल नंबर लिहिलेला नाही याकडे माझे लक्ष वेधले. ते खरे होते. बिल घेताना मी फक्त रक्कम पाहिली होती. हाच कूलर त्याने मला विकला, हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हते. ही चूक मी पुन्हा करणार नाही, आणि वाचणाऱ्याने एकदाही करू नये: प्रत्येक सुट्या भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्यावा, खोके आपल्यासमोर उघडायला लावावे आणि उघडताना व्हिडिओ घ्यावा.

वॉरंटीचा मार्ग बंद झाल्यावर मी पंपाचा भाग खोलून पाहिला. तांब्याच्या तळावर केसाइतक्या बारीक फटी ठेवून पाती कापलेली असतात आणि पाणी त्या फटींतून जाते. माझ्या कूलरमध्ये या फटी पांढुरक्या-हिरवट गाळाने भरून गेल्या होत्या. तळ तांब्याचा आणि रेडिएटर अॅल्युमिनियमचा असल्याने पाण्यात गंजरोधक द्रव्ये घातलेली असतात. ती निष्प्रभ होत गेली की असा गाळ धरतो. शिवाय नळ्यांच्या भिंतींतून पाणी वर्षानुवर्षे अगदी थोडे थोडे बाहेर झिरपत राहते आणि त्याची जागा हवा घेते. सकाळची ती गुळगुळ त्या हवेची होती. बंद लिक्विड कूलरचे आयुष्य साधारणपणे पाच-सात वर्षांचे धरतात ते यामुळेच, आणि म्हणूनच वापरलेला लिक्विड कूलर बाहेरून कितीही स्वच्छ दिसला तरी त्याचे आतले वय कळत नाही. हवेच्या कूलरमध्ये हे दुखणे नाही. त्याच्या तांब्याच्या हीटपाइपमध्ये (बंद नळीत) थोडेसे पाणी कायमचे बंद केलेले असते. ते गरम टोकाला वाफ होते, थंड टोकाला पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. पंप नाही, रबरी नळी नाही. बिघडला तर पंखा बिघडतो, आणि तो बदलता येतो.

लिक्विड कूलर ही वस्तूच वाईट, असे माझे म्हणणे मुळीच नाही. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के सारखा प्रोसेसर २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. तो तासन्‌तास पूर्ण भारावर चालवायचा असेल तर ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरचा खर्च समजण्यासारखा आहे. किलोभराहून जड टॉवर कूलर (उंच आकाराचा हवेचा कूलर) कॅबिनेटमध्ये मावत नसेल, तरीही लिक्विड कूलर रास्त ठरतो. मात्र ८८ वॅटच्या प्रोसेसरवर फरक थोडाच पडतो, कारण येथे खरी अडचण उष्णता खोलीत सोडण्याची नसते. या प्रोसेसरचे आठही कोअर सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या एका चिपवर आहेत, आणि तेवढ्याशा जागेतून उष्णता वरच्या धातूच्या झाकणापर्यंत येण्यातच बरेच अंश खर्ची पडतात. झाकणाच्या वर पाणी असो की हीटपाइप, तेवढा भाग तसाच राहतो. ‘लिक्विड कूलरने प्रोसेसर खोलीपेक्षाही थंड राहतो’ असेही मला त्या दुकानात ऐकवले गेले होते. रेडिएटर खोलीच्याच हवेने थंड होत असताना हे शक्यच नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. तिसऱ्या खेपेला मी प्रोसेसरच्या खोक्यातला कूलर मागितला, कारण बिलावर ‘बॉक्स’, म्हणजे कंपनीच्या खोक्यासह, असे स्पष्ट लिहिलेले होते आणि खोके मला कधी दाखवलेच नव्हते. बराच वेळ वाद झाल्यावर विक्रेत्याने आतून रेथ प्रिझम आणून दिला. मदरबोर्डवरचे प्लास्टिकचे दोन कंसही त्याने जोडणीच्या वेळी काढून ठेवले होते. तेही मी मागून घेतले, कारण त्यांच्याशिवाय हा कूलर बसत नाही. घरी येऊन तळ पाहिला, तर कारखान्यात लावलेली पेस्ट जशीच्या तशी होती. कूलर बसवला, ८८ वॅटवर अर्धा तास भार ठेवला, आणि तापमान ८४ अंशांवर येऊन स्थिरावले. पंख्याचा आवाज येत होता. वेग कुठेही घसरला नाही.