स्वयंपाकघरातल्या खणांसाठी चॅनल निवडताना: रोलर, टेलिस्कोपिक की अंडरमाउंट?

बडोद्यात दांडिया बाजार आणि रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांत ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे आणि त्यांना लाकडी दारे एवढीच व्यवस्था असे. कणकेचा डबा काढण्यासाठी जमिनीवर बसून कप्प्यात डोके घालावे लागे. आता ही घरे दुरुस्त होत आहेत, अनेक कुटुंबे नव्या वसाहतींतल्या सदनिकांत गेली आहेत, आणि कप्प्यांच्या जागी खण व स्टीलच्या ट्रॉल्या आल्या आहेत. खण ज्यावर सरकतो त्या चॅनलकडे मात्र फार थोडे लोक लक्ष देतात. लॅमिनेटचा रंग ठरवण्यात दोन आठवडे जातात आणि चॅनलची निवड मिस्त्रीवर सोडली जाते. गेल्या वर्षी आमचे स्वयंपाकघर नव्याने करताना मी तिन्ही प्रकारचे खण ओढून, मोजून आणि जिथे ते काही वर्षे वापरात आहेत अशा नातेवाइकांच्या घरी जाऊन पाहिले. माझे मत आरंभीच सांगते. सगळ्या स्वयंपाकघराला एकच प्रकार लावणे ही निवडीतली पहिली चूक आहे. कोणत्या खणात काय राहणार हे आधी ठरवावे आणि मग त्या खणाचे चॅनल.

रोलर चॅनलबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पांढरा लेप दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्या आणि त्यांत फिरणारी नायलॉनची चाके अशी त्याची रचना असते, किंमत सर्वांत कमी असते, आणि बसवताना थोडी चूक झाली तरी ते चालवून घेते. मात्र खण त्यावर साधारण तीन-चतुर्थांशच बाहेर येतो. म्हणजे 500 मिलिमीटर खोल खणाचा मागचा 125 मिलिमीटर भाग कायम ओट्याखालीच राहतो, आणि नेमके तिथेच जिऱ्याचे पाकीट हरवते. चमचे, सुऱ्या, पोळपाट-लाटणे अशा हलक्या खणाला ते पुरते. डब्यांच्या खणाला ते लावू नये.

खरी निवड टेलिस्कोपिक आणि अंडरमाउंट या दोघांत आहे. टेलिस्कोपिक चॅनल खणाच्या दोन्ही बाजूंना लागते. त्यात एकमेकांत सरकणारे तीन भाग असतात आणि त्यांच्यामध्ये पोलादी गोळ्या असतात. प्रचलित चॅनलची उंची 45 मिलिमीटर असते, लांबी 10 इंचांपासून 24 इंचांपर्यंत दोन-दोन इंचांच्या फरकाने मिळते, आणि खण पूर्ण बाहेर येतो. प्रत्येक बाजूला 12.7 मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच, मोकळी जागा लागते. हे माप कमी पडले तर खण घट्ट होतो, आणि एखाद्या मिलिमीटरहून अधिक वाढले तर चॅनल ताणले जाऊन गोळ्या खडखडू लागतात. ही अट ऐकायला कडक वाटली तरी आपल्याकडच्या सुतारांना ती पाठ आहे. त्यांनी अशी शेकडो चॅनले बसवलेली असतात आणि हाताला लागलेली ती सवय हाच या प्रकाराचा सर्वांत मोठा गुण आहे. पुढेमागे चॅनल खराब झाले तरी त्याच लांबीचे दुसरे कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि खण न बदलता अर्ध्या तासात बसते. स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्याही बहुधा याच चॅनलवर चालतात.

अंडरमाउंट चॅनल खणाच्या तळाखाली लपते. खण उघडल्यावर बाजूला धातू दिसत नाही, चाल अतिशय शांत असते, पुढच्या दोन क्लिपा दाबून खण उचलून काढता येतो, आणि दर्शनी फळी किंचित वाकडी बसली तर ती वरखाली करण्याची सोय असते. गोळ्या आणि दाते तळाखाली झाकलेले असल्यामुळे फोडणीचा तेलकट धूर आणि सांडलेले पीठ त्यांच्यावर थेट बसत नाही. आपल्या स्वयंपाकाचा विचार करता हा गुण दिसण्यापेक्षा मोठा आहे. टेलिस्कोपिक चॅनलचा मार्ग उघडा असल्याने बेसन आणि तेल मिळून त्यात चिकट थर धरतो. माझ्या मावशीच्या गॅसशेजारच्या खणात तो मी नखाने खरवडून पाहिला आहे.

पण अंडरमाउंटची मापे फार काटेकोर असतात. बऱ्याच प्रचलित मॉडेलांत खणाच्या बाजू जास्तीत जास्त 16 मिलिमीटर जाडीच्या चालतात आणि खणाची आतली रुंदी कप्प्याच्या आतल्या रुंदीपेक्षा 42 मिलिमीटर कमी असावी लागते. तळाची फळी बाजूंच्या खालच्या कडेपासून सुमारे 13 मिलिमीटर वर बसवावी लागते, मागच्या फळीला खाचा आणि छिद्रे पाडावी लागतात, आणि खणाची लांबी चॅनलच्या लांबीशी तंतोतंत जुळावी लागते. आपल्याकडचा सुतार सवयीने 18 मिलिमीटरचा प्लाय कापतो आणि तो या मॉडेलांत बसत नाही. जाड बाजूंसाठी वेगळी मॉडेले आहेत, परंतु ती मागवताना तसे सांगावे लागते. म्हणून घरी बसून खण बनवणाऱ्या मिस्त्रीने याआधी अंडरमाउंट बसवलेले नसेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: त्याच्या हातचे पहिले अंडरमाउंट आपल्या घरी होऊ देऊ नये. कारखान्यात यंत्रावर कापलेल्या खणांना मात्र ते उत्तम बसते.

जागेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. 600 मिलिमीटरच्या कपाटाच्या दोन्ही बाजू 18 मिलिमीटरच्या धरल्या तर आत 564 मिलिमीटर उरतात. टेलिस्कोपिकसाठी त्यातून साधारण 26 आणि 16 मिलिमीटरच्या दोन बाजूंचे 32 वजा केले की खणाची आतली रुंदी 506 येते, आणि अंडरमाउंटमध्ये ती 522 येते. सोळा मिलिमीटर जास्त मिळतात खरे, परंतु तळ वर उचलावा लागल्यामुळे उंचीत तेवढेच जातात. उभे डबे ठेवणाऱ्यांना उंची महत्त्वाची असते, म्हणून या लाभाला मी फारसे वजन देत नाही.

तयार धातूच्या बाजू असलेला खण, ज्याला बाजारात सरसकट टँडम बॉक्स म्हणतात, हा अंडरमाउंटचाच पुढचा टप्पा आहे. त्यात लाकडी बाजू नसतातच, त्यामुळे सुताराची चूक होण्याची जागा कमी होते आणि ओल्या भांड्यांनी बाजू फुगण्याची भीती राहत नाही. किंमत हाच त्याचा अडसर. आमच्या अंदाजपत्रकात साधी टेलिस्कोपिक जोडी एक धरली तर सॉफ्ट-क्लोज, म्हणजे शेवटी हळूच मिटणारे, टेलिस्कोपिक तिच्या दुपटीहून थोडे जास्त, अंडरमाउंट पाचपट, आणि धातूचा संपूर्ण खण बारापटीच्या पुढे होता. ब्लुम ऑस्ट्रियाची, हेटिच आणि हाफेले जर्मनीच्या, एब्को आणि गोदरेज आपल्याकडच्या, आणि हेटिचचा कारखाना तर बडोद्यातच आहे, तेव्हा माल मिळण्याची अडचण नाही. नाव कोणतेही असो, मॉडेलचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा, कारण अंडरमाउंटची क्लिप तुटली तर त्याच मॉडेलची लागते.

आता वजनाकडे येते, कारण इथेच सर्वाधिक फसगत होते. टेलिस्कोपिक चॅनलवर 35 किंवा 45 किलो असा आकडा छापलेला असतो. हा आकडा जोडीचा असतो, एका पट्टीचा नसतो. त्यात खणाचे स्वतःचे वजनही धरायचे असते, आणि तो एका ठरावीक लांबीच्या चॅनलवर मोजलेला असतो. प्लायचा मध्यम खण दर्शनी फळीसह सात-आठ किलोचा होतो. त्यात दहा किलो कणीक, दहा किलो तांदूळ, चार किलो डाळी आणि स्टीलच्या डब्यांचे तीन किलो घातले की बेरीज 35 किलोवर जाते, म्हणजे एका साध्या जोडीची मर्यादा तिथेच संपते. अंडरमाउंटची मॉडेले साधारण 30 किलोपासून सुरू होतात. म्हणून डब्यांच्या खणाला अंडरमाउंट हवेच असेल तर 50 किलोचे मागावे. सर्वांत जड खण सर्वांत खाली ठेवावा. खण रुंद असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तीन फूट रुंदीचा खण एका कोपऱ्याला धरून ओढला की 45 मिलिमीटरच्या टेलिस्कोपिकवर तिरका होऊन अडकतो. अशा रुंदीला दोन्ही बाजू एकत्र चालवणारा दांडा असलेले अंडरमाउंट घ्यावे, किंवा सरळ दोन खण करावेत. मी दोन खण केले.

जुन्या घरात ओट्याखालचा कडप्पा तसाच ठेवायचा असेल तर प्रश्न वेगळा होतो. दगडात चॅनलचा स्क्रू धरत नाही, आणि त्या उभ्या फरशा क्वचितच एकमेकींना समांतर असतात. आमच्या एका कप्प्याची रुंदी पुढे आणि मागे मोजली तेव्हा नऊ मिलिमीटरचा फरक निघाला. अशा ठिकाणी आत प्लायची स्वतंत्र चौकट उभी करून, ती गुण्यात, म्हणजे काटकोनात घेऊन, मगच चॅनल लावावे लागते. त्यात दोन्ही बाजूंची मिळून दीड-दोन इंच रुंदी जाते. चौकट हातानेच बनणार असल्यामुळे इथे मी निःसंशय टेलिस्कोपिकच्या बाजूने आहे. मागच्या भिंतीवरून जाणारी पाण्याची आणि गॅसची नळीही मोजावी. 22 इंच खोल दिसणाऱ्या कप्प्यात पुष्कळदा 20 इंचांचे नव्हे तर 18 इंचांचेच चॅनल बसते.

बडोद्यातल्या तळमजल्यावर राहणाऱ्यांनी विश्वामित्री नदीचा विचार केल्याशिवाय निर्णय घेऊ नये. 31 जुलै 2019 चा पाऊस आणि ऑगस्ट 2024 चा पूर या दोन्ही वेळी ओट्याच्या उंचीपर्यंत पाणी आलेली घरे मी पाहिली आहेत. पुराच्या पाण्यातला बारीक गाळ गोळ्यांच्या मार्गात बसतो, वंगण धुऊन जाते, आणि झिंकचा पातळ मुलामा दिलेले चॅनल काही आठवड्यांत गंजून दगड होते. सॉफ्ट-क्लोजची यंत्रणा आणि अंडरमाउंटचे झाकलेले दाते तर उघडून धुताही येत नाहीत. नदीकाठच्या सखल वस्तीत राहत असाल तर खालच्या ओळीला स्टेनलेस स्टीलची साधी टेलिस्कोपिक चॅनले आणि स्टीलच्या ट्रॉल्या घ्याव्यात, आणि चौकटीसाठी आय.एस. 710 प्रतीचा, म्हणजे पाण्यात टिकणारा, मरीन प्लाय वापरावा. लाकडाचा भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड पाण्यात फुगला की चॅनल कितीही चांगले असले तरी त्याचा स्क्रू हातात येतो. स्टील खरेदी करताना चुंबक लावून पाहण्याची आपल्याकडे पद्धत आहे, परंतु स्टेनलेस स्टीलच्या 304 आणि स्वस्त 202 या दोन्ही प्रतींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही. चुंबकाने लोखंड ओळखता येते, प्रत ओळखता येत नाही. तेव्हा प्रत बिलावर लिहून घ्यावी, आणि पट्ट्यांबरोबर आतल्या गोळ्याही स्टेनलेसच्या आहेत का हे विचारावे.

सॉफ्ट-क्लोजची सोय खण आपटू देत नाही, आणि घरात लहान मुले असतील तर बोटे वाचतात. त्याची दुसरी बाजू अशी की उघडताना सुरुवातीच्या काही सेंटिमीटरांत स्प्रिंग ताणावी लागते, म्हणून हलका खण उघडायला उगाच जड वाटतो. संधिवाताने बोटे दुखणाऱ्या आजींना तो नकोसा होतो, हे मी माझ्या सासूबाईंकडे पाहून सांगते. त्यांच्या हाताशी असलेल्या मसाल्याच्या खणाला मी मुद्दाम साधे टेलिस्कोपिक ठेवले. ढकलताच उघडणाऱ्या, मुठीविना चालणाऱ्या चॅनलबद्दल इतकेच सांगते की त्याच्या साध्या यांत्रिक प्रकारात सॉफ्ट-क्लोज बहुधा मिळत नाही. दोन्ही हवे असल्यास खर्च पुष्कळ वाढतो.

माहितीपत्रकात 50,000 वेळा उघडझाप असा आकडा दिसतो तेव्हा तो आपल्या घराला लावून पाहावा. चमच्यांचा खण दिवसातून वीस वेळा उघडला तर वर्षाला 7,300 वेळा होतात, म्हणजे तो आकडा सात वर्षांच्या आतच गाठला जातो. दिवाळीच्या फराळाची भांडी ठेवलेला सर्वांत वरचा खण मात्र पन्नास वर्षांतही तिथे पोहोचणार नाही. म्हणून चांगल्या चॅनलचा पैसा रोजच्या तीन-चार खणांवर घालावा. आमच्याकडे शेवटी कणीक-तांदळाच्या खणाला 50 किलोचे अंडरमाउंट लागले, कारण तो खण कारखान्यात बनला होता. गॅसशेजारच्या तेल-मसाल्याच्या आणि चमच्यांच्या खणांना नावाजलेल्या कंपनीचे टेलिस्कोपिक, ताटल्यांच्या ट्रॉलीला स्टेनलेसचे, आणि उरलेल्यांना साधे.

बसवण्याच्या दिवशी मिस्त्रीजवळ उभे राहणे आवश्यक आहे. स्क्रू अर्धा हातोडीने ठोकून उरलेला पेचकसाने फिरवण्याची सवय असते. प्लायमध्ये त्याने पकड कमी होते आणि पार्टिकल बोर्डात ती जवळजवळ उरतच नाही. आधी लांबट छिद्रांत स्क्रू लावून खण सरळ करावा, आणि तो नीट चालतो हे पाहिल्यावरच गोल छिद्रांतले स्क्रू बसवावेत. चॅनल कुरकुरले म्हणून खोबरेल तेल घालू नये, ते धूळ धरून घट्ट होते. कोरड्या कपड्याने मार्ग पुसून सिलिकॉनचा हलका फवारा पुरतो. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी प्रत्येक खणात प्रत्यक्ष जेवढे वजन राहणार आहे तेवढे भरावे, तो पूर्ण बाहेर ओढून पाच मिनिटे तसाच ठेवावा, आणि बंद केल्यावर शेजारच्या खणाशी त्याची फट वरून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहावे. आमच्या डब्यांच्या खणाची फट त्या पाच मिनिटांनंतर दोन मिलिमीटरने बदलली होती, आणि मिस्त्रीने ती त्याच दुपारी दुरुस्त करून दिली.