जुनिपर बोन्साय (साताऱ्यातल्या नर्सरीतून) : झाड एक नंबर, सल्ला मात्र ऐकू नका

नर्सरीचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारपण आहे. साडेआठशेला जुनिपर (सुरूच्या जातीचं सदाहरित झाड) घेतलं, पुण्यात एवढ्या खोडाचं झाड या भावात कोण देत नाही. खोड बुडाला चांगलं जाड, वर निमुळतं होत गेलेलं, फांद्या खालपासून आणि पाला गच्च हिरवा. तिथले मामा पण घाई करत नाहीत, दहा कुंड्या फिरवून बघितल्या तरी काय बोलले नाहीत.

आता तक्रार. कुंडीवर चिठ्ठी काय तर 'इनडोअर प्लांट', आणि मामा म्हणाले टीव्हीजवळ ठेवा, रोज कपभर पाणी घाला. अहो जुनिपर घरात जगत नाही! त्याला रोजचं चांगलं ऊन आणि मोकळी हवा लागते आणि हिवाळ्यात थंडीपण पाहिजे, ती आपल्याकडं जेमतेम मिळते ती पण घरात ठेवून घालवायची का. वर गंमत अशी की मूळ मेलं तरी पाला कित्येक आठवडे हिरवा राहतो, म्हणजे गिऱ्हाईकाला कळेपर्यंत झाड कधीच गेलेलं असतं आणि दोष पाण्याला. शंका आली तर नखानं फांदीची साल जरा खरवडून बघायची, आत हिरवं असलं तर जिवंत.

दुसरं म्हणजे माती. वर पांढरे गोटे चक्क फेविकॉलनं चिकटवलेले, पाणी घातलं की वरच्या वर कडेनं वाहून जातं. गोटे उचकटून काढले तर खाली लाल माती नि कोकोपीटचा चिखल. आपल्या पावसाळ्यात यात मूळ कुजणारच. मी जानेवारीच्या शेवटी रिपॉटिंग केलं, म्हणजे कुंडीतली माती बदलली, वीटभट्टीवरचे तुकडे फोडून दोनदा चाळले, भुकटी टाकून दिली आणि ज्वारीच्या दाण्याएवढे खडे घेतले, त्यात बारीक खडी आणि थोडं शेणखत. मुळं धुऊन सगळी माती काढायची नाही बरं का, जुनिपरला ते सोसत नाही, थोडी जुनी माती राहू द्यायची. अकाडामा (बोन्सायची जपानी दाणेदार माती) ऑनलाइन मिळते पण किंमत बघून मी गप बसलो.

पाणी रोज नाही, बोट खुपसून वरचा थर सुकलेला लागला की मग भरपूर, खालच्या भोकातून निघेपर्यंत. एप्रिल-मेत दुपारचं ऊन आडवायला हिरवी नेट बांधली, पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली घेणार. पाला धुरकट फिका दिसला तर खाली पांढरा कागद धरून फांदी झटका, बारीक ठिपके चालायला लागले तर लाल कोळी ही कीड लागली समजा.

छाटणीचं मामांनी कात्री घेऊन तिथंच करून दाखवलं, शेंडे सरसकट उडवले, तेवढं मला आवडलं नाही. जास्त कापलं की मऊ पाल्याच्या जागी टोचणारा काटेरी पाला येतो आणि फांदीवरचं सगळं हिरवं काढलं तर ती फांदी परत फुटत नाही, वाळतेच.

झाडाला पाच स्टार, माहितीला एक. फांद्यांना वळण द्यायची वायर तिथं मिळत नाही, बोन्सायची ॲल्युमिनियम वायर ऑनलाइन मागवावी लागली. रविवारी जाऊ नका, गाडी लावायला जागा नसते, आणि घेताना गोटे न चिकटवलेली कुंडी मागा, मागं ठेवलेल्या असतात.