नागपूरच्या महाल भागातल्या वाड्याला चुना-सुरखीचा गिलावा: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर

हेरिटेज यादीतला जुना वाडा. जोत्याला काळा दगड, वर चुन्यात बांधलेल्या विटा. दिवाळीनंतर सिमेंटचं प्लास्टर काढून मुरवलेला चुना, सुरखी (विटांची पूड) आणि कन्हान नदीची रेती असा गिलावा केला. त्यावरून आता मे महिना आणि अख्खा पावसाळा गेला आहे. भिंत कोरडी आहे. खर्च मालापेक्षा मजुरीवरच जास्त झाला.

जोत्यातून चढणाऱ्या ओलीला बाहेर पडायला वाट लागते. सिमेंट ती अडवतं, मग पाणी आणखी वर सरकतं, क्षार प्लास्टरमागे साचतात आणि विटेचा भुगा होतो. वरून सगळं ठीक दिसतं, ठोकलं की पोकळ वाजतं. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारे क्षार, वर वर का सरकतो, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

प्रमाण १ चुना, १ सुरखी, २ रेती. १२ मिमीच्या पहिल्या थराला १०० चौरस फुटांना, दरजा (विटांमधल्या फटी) धरून, साधारण पावणेदोन घनफूट चुना, तेवढीच सुरखी आणि साडेतीन घनफूट रेती लागते. चुना पाण्याखाली किमान तीन महिने मुरलेला हवा. दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पोत्यातली फक्की हवेनेच अर्धी निकामी झालेली असते, ती घेऊ नका. सुरखी कमी भाजलेल्या विटेचीच. जळक्या काळ्या विटेचा भुगा चुन्याशी नीट जमत नाही, नुसती भर होते. चुना हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच, डोळ्यात गेला तर गंमत नाही.

दरजा पाऊण इंच खोल खरवडायच्या, कोरड्या ब्रशने झाडायच्या, आदल्या रात्री आणि सकाळी भिंत भिजवायची. पहिला थर १० ते १२ मिमी, खडबडीत ठेवून ओरखडे मारायचे. दुसरा आठवड्याने, ८ मिमीचा. खरी कसोटी घोटाईच्या वेळेची: नख उमटतं पण बोट रुतत नाही, त्याच टप्प्यावर लाकडी गुरमाळ्याने दाबायचं. लवकर दाबलं तर चुना वर येऊन पापुद्रा धरतो, उशीर झाला तर केसासारख्या भेगा मिटत नाहीत. सिमेंटची सवय असलेला गवंडी लोखंडी थापीने गुळगुळीत करून मोकळा होतो, उभं राहून त्याच्या मागे लागावं लागतं.

नागपुरात चुना फसतो तो कोरड्या हवेमुळे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, पण त्यासाठी ओलावा लागतो; वाळला की क्रिया थांबते. म्हणून काम नोव्हेंबर ते जानेवारीत, वर ओली गोणपाटं, पश्चिमेच्या भिंतीला हिरवी जाळी, आणि दोन आठवडे दिवसातून तीनदा फवारा. धार नाही, फवाराच. मार्चनंतर सुरू केलेलं काम मी तरी करू देणार नाही.

गिलाव्याच्या तुटक्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीन (न मुरलेल्या, अजून घट्ट न झालेल्या चुन्यावर गुलाबी होणारं रसायन) टाकलं तर बाहेरचा थर बिनरंगी राहतो, आतला गुलाबी होतो. म्हणजे आत अजून काम चालू आहे. महिन्यांनंतरही असं दिसणं स्वाभाविक आहे, पण तोवर खिळे ठोकू नका.

पावसाळ्यात एकच जागा गेली: फुटक्या पन्हाळीखालची. सतत धार पडली की चुना टिकत नाही, आधी पन्हाळ दुरुस्त करा. जोत्याजवळ पांढरी पूड आली, ती कोरड्या ब्रशने झाडायची, धुवायची नाही, नाहीतर क्षार परत आत जातात. रंग चुन्याचाच, प्लास्टिक पेंट मारलात तर सगळं मुसळ केरात.

सावनेरच्या वालुकाश्मातल्या १९२५ च्या नागपूर स्टेशनासारख्या इमारतीला हा गिलावा लावायचाच नाही, तिथे फक्त दरजा भरायच्या. यादीतल्या इमारतीचं प्लास्टर तोडण्याआधी महापालिकेत हेरिटेज समितीच्या परवानगीचं विचारून घ्या, सोबत आधीचे फोटो ठेवा.

उरलेला चुना झाकणाच्या ड्रममध्ये चार बोटं पाण्याखाली वर्षानुवर्षं राहतो, उलट सुधारतो. सुरखी घातलेला माल मात्र त्याच दिवशी संपवावा लागतो.