पहिली रेघ खालून

एकूण ७,५७८ सिंगापूर डॉलर गेले. तेव्हाच्या भावाने साडेचार लाखांच्या वर. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण असल्या भानगडीत आपण कधी सापडणार नाही अशी माझीही खात्री होती. अठरा वर्षं सॉफ्टवेअर तपासायचं काम केलंय मी, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढण्याचं.

२०२३चा फेब्रुवारी. चिनी नववर्ष नुकतंच उलटलं होतं, आणि आमच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू होती. इथे सिंगापुरात परदेशी माणसाची नोकरी गेली की वर्क पास रद्द होतो आणि हातात साधारण तीस दिवस उरतात. मुलगी दुसरीत होती. रात्री झोप लागेना. ऑफिसमधली एक चिनी सहकारी म्हणाली, "चल, तुला विचारून आणते," आणि जेवणाच्या सुट्टीत वॉटरलू स्ट्रीटवरच्या क्वान इमच्या देवळात घेऊन गेली.

ते देऊळ १८८४ सालचं. क्वान इम म्हणजे करुणेची देवी. मूळची बौद्धांची, पण ताओवादी, म्हणजे चीनच्या स्वतःच्या जुन्या धर्माचे लोकही तिला तितकंच मानतात. सामान्य माणूस तिथे अशी वाटणी करत बसत नाही. गुडघ्यावर बसायचं, नाव-पत्ता सांगून प्रश्न मनात म्हणायचा आणि बांबूचा नळा हलवायचा. आत शंभर सळ्या, प्रत्येकीवर आकडा. एकच सळी बाहेर पडेपर्यंत हलवत राहायचं. मग लाल रंगाचे, काजूगराच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. त्यांना ज्याओबेइ म्हणतात. एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडली तर सळी मान्य. दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसतोय, दोन्ही फुगीर वर आल्या तर नाही.

मी कुडाळकडचा. आमच्या गावात गुरव देवाला ओल्या पाकळ्या लावतो. सगळं गाव 'व्हय म्हाराजा' म्हणत गाऱ्हाणं घालतं आणि पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून याकडे डोळे लावून बसतं. परक्या देशात कोणी तरी आपल्याच देवळात नेऊन बसवावं, तसं मला त्या गुडघ्यांवर वाटलं. शेजारीच कृष्णाचं देऊळ आहे. क्वान इमला हात जोडून झाले की चिनी बायका तिथेही उदबत्त्या लावून जातात. माझी सळी मध्यम निघाली. चिठ्ठीत लिहिलं होतं की घाई करू नको. चिठ्ठीचे पैसे कोणी मागितले नाहीत.

तिथेच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. बाहेर पडताना एका सभ्य दिसणाऱ्या माणसाने स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "चिठ्ठीचा अर्थ कळला का?" गप्पांत जन्मसाल निघालं. १९८४, म्हणजे चिनी बारा प्राण्यांच्या चक्रात उंदराचं वर्ष. त्याचा चेहरा पडला. यंदा सशाचं वर्ष आणि ताई सुईच्या रोषाच्या यादीत उंदीर आहे, म्हणाला. ताई सुई म्हणजे वर्षाचा अधिपती. असे साठ आहेत, दर वर्षी एक. आपल्या साडेसातीसारखंच प्रकरण. घरी येऊन शोधलं, तर यादीत उंदीर खरंच होता. त्याने सांगितलेलं खरं निघालं, आणि मी निम्मा तिथेच गेलो. यादी खरी असली म्हणून ती दाखवणारा खरा ठरत नाही, एवढं साधं तेव्हा सुचलं नाही.

त्याचा 'मास्टर' जवळच एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर बसायचा. पिवळा झगा, उदाचा धूर, भिंतीवर यिन-यांग. पहिल्या खेपेचे ३८ डॉलर. तिथले सगळे दर आठावर संपायचे, कारण चिनी कानाला आठ म्हणजे भरभराट. जन्मवेळ, बायकोचं नाव, पगार, कंपनी, सगळं त्याने एका वहीत उतरवून घेतलं. मी पॅन कार्डाचा अर्ज भरावा तसं सांगत गेलो.

मग ई चिंग, म्हणजे कौल सांगणारं जुनं चिनी पुस्तक. तीन नाणी सहा वेळा टाकायची. छाप पडला तर तीन, काटा पडला तर दोन. बेरीज विषम आली की अखंड रेघ, सम आली की तुटकी. सहा रेघांची एक आकृती होते, अशा चौसष्ट आकृत्या आहेत. माझ्या बेरजा आल्या आठ, सात, सात, आठ, सात, आठ. कागदावर एक ते सहा आकडे घालून वरून खाली तो रेघा मारत गेला. सहावी मारून झाल्यावर थांबला, डोळे मिटले. "सत्तेचाळीस. खुन, म्हणजे कोंडी. तळ्यातलं पाणी आटलंय." कागद माझ्या हातात देऊन म्हणाला, "पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारू. एका उत्तरावर विसंबू नये."

असं आणखी तीनदा विचारलं, प्रत्येक वेळी ८८. दर वेळी आधीपेक्षा वाईट उत्तर. मग ताईत आला, पिवळ्या कागदावर लाल शाईत लिहिलेला, ३८८ डॉलर. मग चीनमधल्या डोंगरावरच्या देवळात माझ्या नावाने ४९ दिवसांचा विधी, १,८८८. हे पैसे तिसऱ्याच कोणाच्या तरी खात्यात भरायला लावले. बायकोला बोलायचं नाही ही अटही होती. सांगितलं की नशीब गळतं म्हणे. (सांगितलं असतं तर पैसे गळायचे थांबले असते.)

शेवटची खेप मार्चअखेरची. पगाराचं मूळच दूषित आहे, ५,००० रोख आणा, शुद्ध करून परत देतो, असं त्याने सांगितलं. 'परत देतो' या दोन शब्दांनी घात केला. देणगी मागितली असती तर मी उठलो असतो. माझ्यासमोर नोटा मोजल्या, लाल कागदात गुंडाळल्या, लाल कापडात शिवल्या आणि वेदीवर ठेवल्या. मी डोळे मिटून तीनदा कपाळ टेकलं. उठल्यावर पुडकं माझ्या हातात. एकोणपन्नास दिवस उघडायचं नाही. उघडलं तर उलटेल.

नवव्या दिवशी माझी नोकरी गेली.

आता गंमत बघा. भाकीत खरं ठरलं म्हणून त्या संध्याकाळीही मी त्याला खराच मानत होतो. पुडकं उघडलं ते संशयाने नव्हे, घरभाड्यासाठी. बायको समोर बसली होती, तिला तेव्हाच सगळं सांगितलं. नखांनी टाका उसवला, लाल कागद सोडला. आत नोटांची गड्डी, नीट रबर लावलेली. वरच्या नोटेवर दाढीवाला, मण्यांच्या झालरीचा मुकुट घातलेला राजा. पितरांसाठी जाळतात त्या नोटा. तो राजा म्हणजे स्वर्गाचा जेड सम्राट, आणि एका नोटेची किंमत दहा हजार. बायको काहीच बोलली नाही. ती गड्डी तिने दोनदा मोजली.

मास्टरची खोली रिकामी होती. पोलिसांत तक्रार दिली. ज्या खात्यात पैसे गेले तो माणूस वेगळाच निघाला. पुडकं बदलायची ही युक्ती फार जुनी आहे, हे नंतर कळलं. हाँगकाँगपासून अमेरिकेपर्यंत चिनी वस्त्यांत म्हाताऱ्या बायकांना याच पद्धतीने लुबाडलंय. रस्त्यावर भेटणारा एक, तुमची माहिती आत पोचवणारा दुसरा, आशीर्वाद देणारा तिसरा. मला पहिला आणि तिसरा दिसले.

सहकारीला वाईट वाटलं. तिचे एक मामा ताओवादी पुजारी आहेत, झेंगयी परंपरेतले. त्या परंपरेत पुजाऱ्याला लग्नसंसार चालतो. हे मामा तोआ पायोहला साध्या सरकारी फ्लॅटमध्ये राहतात आणि बहुतेक अंत्यविधी करतात, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत. जाताना संत्री नेली होती. त्यांच्यापुढे तो कागद ठेवला. चष्मा वर करून त्यांनी एकदाच बघितलं आणि हसले.

"हा वरून खाली लिहितो?"

आकृती खालून बांधतात. पहिल्यांदा टाकलेल्या नाण्यांची रेघ सगळ्यात खाली, सहावी सगळ्यात वर. पहिल्या धड्यात शिकवतात ते. त्यांनी त्याच सहा बेरजा खालून मांडल्या. सत्तेचाळीस नव्हे, अठ्ठेचाळीस आली. जिंग, विहीर. तिथलं पहिलंच वाक्य असं की गाव बदलेल, विहीर बदलत नाही. मी विचारलं, म्हणजे माझी नोकरी जाणार नव्हती? ते म्हणाले, "मला काय माहीत? मी फक्त रेघा बरोबर मांडल्या."

मग त्यांनी चौथी आकृती काढून दाखवली. मेंग, म्हणजे अजाण पोर, नवशिक्या. त्यात स्पष्ट लिहिलंय की पहिल्यांदा विचारलंस तर सांगतो. पुन्हा पुन्हा विचारलंस तर तो उपमर्द, मग सांगत नाही. जो मास्टर दर आठवड्याला बोलावून विचारायला लावत होता, त्याच्या धंद्यावर त्याच्याच पुस्तकाने आधीच फुली मारली होती. पैशांचं विचारलं तर मामा म्हणाले, विधीचे घेतो, सामानाची यादी देऊन घेतो. दुसऱ्या शतकात त्यांच्या परंपरेचा मूळपुरुष झांग दाओलिंग याच्या पंथात येणारा पाच मापं तांदूळ द्यायचा, त्यावरूनच लोक त्या पंथाला ओळखायचे. १,८८८ डॉलरना किती तांदूळ येईल, असं म्हणून ते पुन्हा हसले. मला हसू आलं नाही.

चौथ्या आठवड्यात दुसरी नोकरी मिळाली. पगार कमी. आईला गावी फोनवर सगळं सांगितलं, ती पैशांना रडेल वाटलं होतं. ती म्हणाली, "देवाक एकदाच इचारूचा. परत परत इचारलंस तर तो तरी काय सांगतलो?"

यंदा, २०२६ला, घोड्याचं वर्ष लागलं. घोड्याची आणि उंदराची समोरासमोर टक्कर. परवा अनोळखी नंबरवरून मेसेज आला, माझ्या नावाने आणि जन्मवेळेसकट. ताई सुईची शांत करून घ्या, पहिला सल्ला मोफत. ती वही अजून कोणाकडे तरी फिरतेय. इथल्या फसवणूकविरोधी हेल्पलाइनचा नंबर १७९९. मेसेज तसाच ठेवून फोन लावला. या वेळी बायको शेजारी बसली होती.